बाईचा मोठा फोटो

आमच्या दुकानात माणसाचं अख्खं आयुष्य चौदा फायलींत बसवून ठेवलेलं आहे. वाढदिवस, निवड, सत्कार, लग्न, दुकानाचं उद्घाटन, यात्रा, ईद, दिवाळी, संक्रांत, हळदीकुंकू, महिला दिन, जाहीर पाठिंबा, दहावी पास आणि शेवटी श्रद्धांजली. या चौदांच्या बाहेरचं काही ज्याच्या आयुष्यात घडलंय, असा माणूस अजून तरी आमच्याकडे आलेला नाही. आलाच तर मी त्याला कुठल्यातरी फायलीत कोंबते. एकदा एकाच्या म्हशीला यात्रेतल्या जनावरांच्या प्रदर्शनात पहिला नंबर मिळाला, तेव्हा मी म्हशीला 'निवड' या फायलीत बसवलं होतं. वर नेत्यांचे गोल, मधे म्हैस, खाली शुभेच्छुकांची रांग. खरं सांगते, त्या जागी आजवर बसलेल्या कित्येक अध्यक्षांपेक्षा ती शोभून दिसली.

दुकान नळदुर्गात, हायवेला तोंड करून आहे. पुढं काउंटरवर आमचे हे बसतात, गिऱ्हाइकाशी बोलतात, फ्लेक्सचं मशीन सांभाळतात. मागच्या खोलीत मी, माझा कॉम्प्युटर आणि एक पंखा, जो फक्त आवाज करतो. मोबाईलवर फिरणाऱ्या सगळ्या पोस्ट मी करते. पाटीवर नाव ह्यांचं. प्रत्येक पोस्टच्या खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'डिझाईन' लिहून जे नाव येतं, तेही ह्यांचंच. माणूस चांगला आहे, माझी तक्रार नाही, पण गोल आणि लंबगोल यातला फरक अजून मला दर वेळी सांगावा लागतो. ते नाव पहिल्या दिवशी मीच टाकलं, आणि घाईत हलू नये म्हणून त्या लेयरला, म्हणजे फायलीतल्या त्या थराला, कुलूप लावून ठेवलं.

माझे सासरे ट्रकच्या पाट्या रंगवायचे. हैदराबादकडे निघालेला ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून उभा राहायचा आणि म्हणायचा, लवकर करा. म्हणून अब्बांनी पत्र्याचे छाप कापून ठेवले होते. पत्रा धरायचा, रंगाचा बोळा फिरवायचा, पुढचा ट्रक. मी त्यांना एकदा टेम्प्लेट म्हणजे काय ते समजावून सांगत होते, की मांडणी एकदाच करून ठेवायची आणि मग फक्त नाव आणि तोंड बदलत जायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ये बी पत्राच है बेटा. बस जंग नै लगता." त्यानंतर मी कुणाला टेम्प्लेट समजावून सांगितलेलं नाही.

पण या पत्र्यानं माझा वेळ किती वाचवला, ते मीच जाणे. आधी एका पोस्टला तास जायचा, आता चहा गार व्हायच्या आत ती गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर असते. डावीकडं मोठा फोटो, वर नेते, खाली शुभेच्छुक. शुभेच्छुकांच्या रांगेत कुणाचं डोकं कुणाच्या डोक्यापेक्षा मोठं झालं, तर संध्याकाळपर्यंत दुकानात भांडण येतं, म्हणून सगळी डोकी मापात ठेवलेली आहेत. पुष्कळ जण बनियनवरचा फोटो पाठवतात. त्यांच्यासाठी माझ्याकडे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातली, हात जोडलेली सहा धडं आहेत. नुसतं डोकं बदलायचं. त्यातलं एक धड सध्या तीन गावांचे उपसरपंच वापरतात. तिघांपैकी एकालाही हे कळलेलं नाही. त्यांच्या बायकांनाही कळलेलं नाही, याचा मी कधी कधी विचार करते.

आणि कुणाला वेगळं काही हवंय, असं मुळीच समजू नका. गिऱ्हाईक आत येतं, दुसऱ्या कुणाचीतरी पोस्ट दाखवतं आणि म्हणतं, "अशीच पायजे, पर जरा मोठी." एवढीच आमच्या तालुक्याची कलेबद्दलची मागणी. मी ती पुरवते.

राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंच बाईसाठीही 'निवड' हीच फाईल लागायची, पण तिच्यात मी एक सोय करून ठेवली होती. मोठ्या फोटोच्या जागी नवरा, पांढऱ्या शर्टात, हात जोडून. त्याच्या खाली 'सरपंच प्रतिनिधी'. बाजूला तिचं नाव, नावाआधी 'सौ.'. आणि तिचा फोटो यायला हवा तिथं एक कलश, नारळ आणि पाच पानं. 'नवनिर्वाचित सरपंच' ही अक्षरं त्या कलशाखाली यायची. या कलशानं आमच्या भागात इतक्या निवडणुका जिंकलेल्या आहेत, की त्याला एव्हाना जिल्हा परिषदेवर घ्यायला हरकत नाही.

बाईचा फोटो का नको, याचं कारण ज्याचं त्याचं वेगळं. आमच्या लोकांत पडद्याचं सांगतात, मराठ्यांत पदराचं सांगतात, लिंगायत दुकानदार 'आमच्यात पद्धत न्हाय' एवढ्यावर भागवतात. कारणं वेगळी, कलश सगळ्यांचा एकच. मी स्वतः बाई. माझ्या हातानं मी हे कलश बसवत होते आणि मला त्यात काही खटकत नव्हतं, उलट फाईल लवकर होते म्हणून बरंच वाटायचं. हे मी लपवून ठेवत नाही.

ग्रामपंचायतींचे निकाल लागले, त्या दिवसांत आम्हा दोघांच्या नाकी नऊ आले होते. नळदुर्गहून जीपनं अर्धा तास आत असलेल्या एका गावची पोस्ट मी तयार करून ठेवली होती. सरपंचपद बाईसाठी राखीव, निवडून आलेली बाई, फोटो नवऱ्याचा, कलश जागेवर. नवऱ्याला ती दाखवून झाली होती, त्यानं 'मिशी जरा काळी करा' एवढीच दुरुस्ती सांगितली होती. मी मिशी काळी करत असतानाच ती बाई स्वतः मागच्या खोलीत येऊन उभी राहिली.

चाळिशीच्या आतबाहेरची, उन्हात चालून आलेली. मोबाईल पदरात गुंडाळलेला.

"पोस्टी करणाऱ्या तुमीच का, भाभी?"

"व्हय."

"मग तुमच्याशीच बोलते. पुढं बसलेले म्हणाले, तुमच्या मालकाला इचारून सांगतो. मालकालाच इचारायचं असतं तर मी एवढ्या लांब कशाला आले असते?"

मी स्टूल पुढं केलं. ती बसली नाही. कॉम्प्युटरवर तिच्या नवऱ्याची मिशी अर्धी काळी, अर्धी पांढरी दिसत होती. तिनं ती शांतपणे बघितली.

"निवडून मी आले. घरोघर मी हिंडले. पायाला फोड आले ते माझ्या. आन् हितं हे." तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "आन् ह्यो नारळ."

"पद्धत हाय तशी," मी म्हणाले.

"उद्या लोक नालीचं इचारणार ते ह्यांना, पाण्याचं इचारणार ते ह्यांना. सरपंच म्हणून माझं तोंडच कुणाला म्हाईत न्हाय. म्या खुर्चीत बसून काय करू? माझा फोटो टाका. मोठा. यकटीचा."

"ह्यांचा बारका ठेवू का कोपऱ्यात?"

"नको. ह्यांचं तोंड गावानं लई बघितलंय."

तिच्या मुलीनं दारात बसवून काढलेला फोटो होता. डोक्यावरून पदर, नजर सरळ. फोटो चांगला होता. तो 'निवड'मध्ये बसवायला गेले आणि अडले. ती जागा कमरेपासून वरच्या, हात जोडलेल्या उभ्या पुरुषासाठी कापलेली. तिथं हा चेहरा ठेवला की खाली पोकळी राहायची, आणि पांढऱ्या शर्टाचं धड काही तिला लावता येणार नव्हतं. पुढं काउंटरवर पाच जण थांबलेले. ह्यांनी पडद्याआडून हळूच सांगितलं, "तू उनके झगडे में नक्को पड." मला नवीन मांडणी करायला वेळ नव्हता. बाईचा एकटीचा मोठा फोटो जिच्यात तयार बसतो अशी माझ्याकडे एकच फाईल होती. मी श्रद्धांजलीची फाईल उघडली.

तिला दिसणार नाही अशा बेतानं उघडली, हेही सांगते. हार काढला. समई काढली. काळ्याच्या जागी पिवळा रंग भरला, तारखांची ओळ पुसली, 'शोकाकुल' होतं तिथं 'शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ' लिहिलं. वर ठळक अक्षरात 'नवनिर्वाचित सरपंच' आणि तिचं नाव, 'सौ.' न लावता, कारण तिनं तसं सांगितलं. लंबगोल चौकट तशीच ठेवली. चौकटीच्या कडेनं फोटो विरत जातो, तेही ठेवलं. डोक्यामागचा मंद उजेडही राहू दिला. छान दिसत होता. लिहिण्यात कानामात्रेची चूक नव्हती. सगळं दहा मिनिटांत, आणि मी स्वतःवर इतकी खूश झाले की चहा मागवला. तिनं आधी बोट ठेवून स्वतःचं नाव वाचलं. मग तिनं खालच्या कोपऱ्यातलं नाव वाचलं.

"हे कुणाचं नाव?"

"आमच्या मालकाचं."

"ते करतेत का हे?"

"न्हाय. मी करते."

तिनं पदर सारखा केला आणि जीप गाठायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं पदभार घेतला. पुढचं मला तिनंच नंतर सांगितलं, मोबाईलवर एकेक दाखवत. ग्रामपंचायतीत खुर्चीवर बसल्यावर तिनं ती पोस्ट गावाच्या ग्रुपवर टाकली. पहिल्यांदा कुणीतरी नुसते जोडलेले हात पाठवले. ती समजली, नमस्कार. मग दुसऱ्यानं लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तिसऱ्यानं त्याचंच उचलून खाली चिकटवलं. आमच्याकडे ग्रुपवर कुणी वाचत नाही, वरच्यानं जे टाकलं तेच खाली टाकायचं असतं, त्यामुळं बघता बघता खाली श्रद्धांजलीची रांग लागली. एकानं लिहिलं, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपलं. हा गृहस्थ गेली तीन वर्षं बांधावरून तिच्याशी भांडत होता. तिच्या समोरच्या खुर्चीत नवा सदस्य बसला होता. त्यानं मोबाईल बघितला, जीभ चुकचुकवली आणि अंगठ्यानं लिहिलं, 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो'. लिहून झाल्यावर मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, पाणी हाय का प्यायला?" तिनं त्याला पाणी दिलं.

हसून हसून मरावं अशी गोष्ट आहे, आणि मी हसलेही. पण तिचं माहेर तामलवाडीचं. ती पोस्ट फिरत फिरत दीड तासात तिथं पोहोचली. भावाचं आणि तिच्या नवऱ्याचं पटत नव्हतं, येणंजाणं तुटलेलं, म्हणून फोन करून विचारायचा प्रश्नच नव्हता. जीप भरली. त्यांच्यात सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटी माहेरची साडी घालतात. भावानं वाटेत गाडी थांबवून ती घेतली, हिरवी, चांगली काठाची. गावाच्या वळणापासूनच बायांनी गळा काढला. दारात गाडी थांबली तेव्हा बहीण ग्रामपंचायतीतून घरी येऊन भाकरी खात बसली होती.

भाऊ तिच्याकडे बघत राहिला, हातात साडी धरून. मग भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा रडला. हे सांगताना तिचा आवाज बदलला, आणि इथं माझं हसू गेलं. त्या माणसानं तामलवाडीपासून तिच्या दारापर्यंतची वाट बहीण मेली आहे असं समजून काढली होती. ती वाट माझ्या दहा मिनिटांनी त्याला दिली होती.

त्याच दिवशी संध्याकाळी तिचा नवरा दुकानात आला. श्रद्धांजलीची बातमी दुपारीच नळदुर्गात पोहोचली होती, त्यामुळं मी आधीच घाबरलेली. त्यानं आरडाओरडा केला नाही, तो स्टुलावर बसला, पाणी मागितलं आणि अगदी समजुतीनं बोलला.

"भाभी, म्या सांगत होतो का न्हाय? माझाच फोटू ठेवला असता तर झालं असतं का असं? माझा फोटू आजवर पन्नास येळा टाकलाय. कुणी म्हणलं का मी मेलो म्हणून?"

तो खरंच बोलत होता. पुरुषाचं तोंड दिसलं की लोक समजतात, काहीतरी निवडलं गेलं, कशाचंतरी उद्घाटन झालं. बाईचं तोंड एवढं मोठं दिसलं की एकच गोष्ट झालेली असते. आयुष्यभर ती कुणाच्या मोबाईलवर येत नाही, आणि ज्या दिवशी येते त्या दिवशी ते बघायला ती नसते. लोकांचं काय चुकलं? ते माझीच टेम्प्लेटं बघून शिकलेले होते.

"लोक घाबरलेत," तो म्हणाला. "आता मिशीवाली टाका, आन् खाली लिवा, गैरसमज नसावा."

आणि मी हो म्हणाले. मला लाज वाटते, पण म्हणाले. फाईल उघडली, मिशी पूर्ण काळी केली, कलश जागेवर बसवला. पाठवायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात तिचा फोन आला. म्हणाली, "ह्यांना तिथंच बसवून ठेवा, मी सकाळच्या गाडीनं येते, तवर काय पाठवू नका." नवरा काही रात्रभर बसणार नव्हता, तो तणतणत गेला. मी पोस्ट पाठवली नाही. धाडस म्हणून नव्हे. दोघांच्या मधे सापडलं की आपण हात बांधून बसतो, तशी बसले.

सकाळी ती आली तेव्हा अंगावर हिरवी साडी होती, चांगली काठाची.

"भाऊ म्हणाला, नदीत सोडून दे, अशुभ हाय," ती म्हणाली. "एवढी चांगली साडी. पाच वर्सानं त्यानं घेतलीया. नदीत का सोडू?"

आज ती स्टुलावर बसली. "आता खरं सांगा भाभी. ती चौकट कुठली होती?"

मी सांगितलं. वाटलं, आता उठून निघून जाईल, किंवा चार शब्द सुनावेल. तिनं नुसतं विचारलं, "बायांच्या किती फायली हायेत तुमच्याकडं? दाखवा."

मी एकेक उघडून दाखवल्या. हळदीकुंकवाची : दोन हात, हिरव्या बांगड्या, वर काही नाही. संक्रांतीची : पतंग आणि तिळगूळ. महिला दिनाची, ज्या फायलीचा मला फार अभिमान होता : जांभळ्या रंगात एक बाई, केस वाऱ्यावर, केसांतून फुलपाखरं उडालेली. तिला नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. आमच्या भागातल्या सगळ्या संस्था दर वर्षी याच बाईचा सन्मान करतात. लग्नाची : नवरीची मान खाली घातलेली. वाढदिवसाची बाईसाठी वेगळी नव्हतीच. आणि मग श्रद्धांजली, जिच्यात मोठा, स्वच्छ, सरळ बघणारा चेहरा.

फुलपाखरांच्या बाईकडे बोट करून ती म्हणाली, "हिला तर नाकच न्हाय. हिच्यापेक्षा मेलेली बरी."

आम्ही दोघी हसलो. ह्यांनी पुढून डोकावून बघितलं, काय झालं म्हणून.

मग ती म्हणाली, "एक नवी करा. जितेपणीची. आन् दर सोमवारी मी फोटो पाठवत जाईन, ती टाकत जाऊ. लोकांच्या डोळ्याला सवय होस्तवर."

ऐकायला सोपं वाटतं. मला पूर्ण दुपार लागली. माझे पत्रे सगळे जुने कापलेले, एकातही ती मावेना. चौकट लंबगोल ठेवली की मयताची दिसायची, गोल केली की नेत्याची. हात जोडले की उमेदवार, हातात ताट दिलं की हळदीकुंकू. पाठीमागं उजेड दिला की ती स्वर्गात जायची. शेवटी मी चौकटच काढून टाकली. तिच्याकडूनच नवा फोटो घेतला. त्यात ती वस्तीतल्या तुंबलेल्या नालीशेजारी उभी, हिरव्या साडीत, एक हात कमरेवर, तोंडावर ऊन आणि कपाळाला आठी. आठी मी पुसायला निघाले होते, सवयच ती. तिनं हात धरला. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मेलेल्या माणसाला आठी नसती."

ती फाईल मी साठवली तेव्हा कॉम्प्युटरनं नाव मागितलं. माझ्या फायलींची नावं साधी असतात, वाढदिवस एक, निवड दोन. हिला मी लिहिलं, 'बाई, जिवंत'. पंधरावी फाईल. खालच्या कोपऱ्यात ह्यांचं नाव आपोआप आलं, कारण त्या लेयरला कुलूप आहे. ते मी त्या दिवशी काढलं नाही. अजूनही काढलेलं नाही. दुसऱ्याच्या नवऱ्याचा फोटो हटवणं सोपं असतं.

पहिल्या सोमवारी पोस्ट गेली, पाण्याची टाकी धुतल्याची. खाली कुणी काहीच लिहिलं नाही. गाव जपून होतं, एकदा पोळलेलं. दुसऱ्या सोमवारी एकानं तिच्या नवऱ्याला वेगळा निरोप टाकून विचारलं, वहिनी बऱ्या आहेत ना. तिसऱ्या सोमवारी कुणीतरी खाली 'शुभ सकाळ' लिहिलं, दुपारी तीन वाजता. मधल्या काळात नवऱ्यानं दुसऱ्या दुकानातून स्वतःची पोस्ट करून घेतली, मिशी कोळशासारखी काळी, आणि तिला नेहमीच्या लोकांनी नेहमीचं अभिनंदन केलं. मला वाटलं, संपलं. तिला तसं बोललेही, की ताई, लोक बदलत नाहीत, तुम्ही तुमचा वेळ घालवताय. ती म्हणाली, "तुमचा न्हाय ना जात? मग करा."

ती फाईल मधे दोनदा वापरलीही मी. एका अंगणवाडीच्या ताई रिटायर झाल्या, त्यांना. आणि एका मुलीची पोलिसात भरती झाली, तिला. मुलीच्या आजोबांनी फोटो बघितला आणि आधी पोरगी घरात आहे का ते बघून आले. मग म्हणाले, लई झाक आलाय.

पाचव्या की सहाव्या सोमवारी, आता आठवत नाही, दुपारच्या वेळी तिचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं, पुन्हा कुणीतरी श्रद्धांजली टाकली.

"भाभी, ग्रुप बघितला का?"

तिनं मला त्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. मी उघडला. तिचा फोटो, हिरवी साडी, कमरेवर हात. खाली तिच्याच भावकीतल्या, तोंडाळ म्हणून प्रसिद्ध असलेल्या एकानं लिहिलं होतं : 'सरपंच ताई, फोटू काढाय येळ हाय तुमाला, आमच्या गल्लीतली नाली कवा काढणार? घरात घाण शिरायलीय. कायच काम न्हाय तुमचं.' त्याच्या खाली आणखी दोघांनी 'बरोबर हाय' असं लिहिलं होतं. त्यांच्याही खाली एका बाईनं, नाव आणि फोटोसकट, तिच्या नळाला पाणी येत नाही म्हणून.

"काढून टाकायला लावू का?" मी म्हणाले. "ग्रुपवाल्याला सांगून? लई वाईट लिहिलंय."

"येड्या का काय तुमी," ती म्हणाली. "नीट वाचा. ह्यांना न्हाय इचारलं. हे तिथंच हायेत ग्रुपात, त्यांना कुणी इचारलं न्हाय. मला इचारलंय."

तिकडून फावड्याचा आवाज येत होता, आणि ती कुणालातरी सांगत होती, इकडून नको, खालच्या तोंडानं सुरू करा. मी काहीतरी बोलणार होते, तर म्हणाली, "ठेवते भाभी. नालीवरच उभी हाय."